प्रबंध, संदर्भसूची आणि एआय

प्रश्न : मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला असून १९७२ च्या दुष्काळावर लघुप्रबंध लिहीत आहे. संदर्भसूची एका एआय साधनाकडून करून घेतली. त्यांतील दोन लेख ग्रंथालयात सापडत नाहीत. भाषाही त्याच्याकडून सुधारून घेतल्यास ती वाङ्मयचौर्य ठरेल का? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : ते दोन लेख बहुधा कोणी लिहिलेलेच नाहीत. असे साधन पुढे कोणता शब्द येणे संभवते याचा अंदाज बांधत वाक्य रचते. त्यामुळे खऱ्या अभ्यासकाचे नाव, खरे नियतकालिक आणि पटण्याजोगा पृष्ठक्रमांक जोडून अस्तित्वात नसलेला लेख ते सहज उभा करते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असेच काल्पनिक निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. सूचीतील प्रत्येक नोंद, अगदी सापडलेलीही, स्वतः उघडून पाहावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम २०१८ चे, म्हणजे चॅटजीपीटीच्या आधीचे आहेत. इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्यांत शिक्षा नाही. परंतु यंत्राने नव्याने रचलेला मजकूर साम्य-तपासणीत पुष्कळदा सापडतच नाही, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नये. शुद्धलेखन तपासून घेणे वेगळे आणि परिच्छेदच्या परिच्छेद लिहवून घेणे वेगळे. मार्गदर्शकांना आधी विचारावे आणि कोणते साधन कशासाठी वापरले हे प्रस्तावनेत नोंदवावे. आणि हो, दुष्काळी कामांवरील मजुरांच्या मुलाखती घेतल्या असतील, तर त्यांच्या नावानिशी तो मजकूर अशा साधनात चिकटवू नये. त्यांची संमती आपल्याला होती, त्या कंपनीला नव्हे.