मुलीला शाळेतून काढून गावाबाहेर घरीच वाढवलं तर मोठेपणी काय परिणाम होतो?

राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुम्ही म्हणताय मिस्टर नोकरी सोडून कर्जतकडे राहायला जायचं म्हणतायत, मुलगी सात वर्षांची, शाळा बंद करून घरीच शिकवणार, तर पुढे तिला लोकांत मिसळता येईल का. येतं. वेळ लागतो. मला तिशी उजाडली.

मी येऊरचा, ठाण्याला लागून जंगलातला डोंगर आहे तिथला. 1997 ला पाचवीनंतर बाबांनी मला शाळेतून काढलं नि आम्ही ठाण्यातला नौपाडा सोडून वर राहायला गेलो, दहावी थेट 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून. अभ्यासाचं काही बिघडलं नाही, गणितात मी कॉलेजातल्या पोरांच्या पुढेच होतो, हे आधीच सांगतो म्हणजे त्यावर वाद नको. हरियल, म्हणजे हिरवं कबूतर, कुठल्या उंबरावर येणार हे मला पाठ, पण बरोबरीचं एक पोरगं नाही. खाली उपवनला यायचं तर बाबांच्या स्कूटरवर, अंधार पडला की बिबट्याच्या भीतीने घरात.

पहिली नोकरी ऐरोलीला. जेवताना सगळे डबे मध्ये ठेवायचे, मी आपला भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोराने न विचारता माझ्या डब्यातली मटकी उचलली आणि मी डबा दोन्ही हातांनी ओढला, कुत्रं हाडूक धरतं तसा, रस्सा त्याच्या शर्टावर. कोणी ओरडलं असतं तर बरं, सगळे नुसते हसले आणि पुढे दीड वर्ष माझ्या डब्याला कोणी हात लावला नाही. मला खरंच कळलं नव्हतं हो, की भाजी उचलली म्हणजे आपल्यात घेतलं. हे कोण शिकवणार, बाबा भूगोल शिकवत होते. अजूनही कोणी चेष्टा केली की आधी अपमान वाटतो, बायको टेबलाखालून पाय मारते मग हसतो.

बाबा म्हणतात तुझा स्वभावच तसा, बहीण बघ, त्याच घरात वाढली नि कोणाशीही बोलते. ती दर शनिवार-रविवार नौपाड्यात आत्याकडे असायची हे मात्र सांगत नाहीत.

आता घरी शिकवणाऱ्यांचे ग्रुप असतात, सगळ्यांचं माझ्यासारखंच होईल असं नाही, आणि शाळेत जाऊनही घुमी राहिलेली माणसं पाहिलीत मी. तरी, गेलातच तर तिला रोज संध्याकाळी गावातल्या पोरांत सोडा, भांडू दे, रडत घरी येऊ दे. शनिवारचा ड्रॉइंग क्लास यात धरू नका.

आणि मिस्टरांना विचारा, ते स्वतः शाळेत गेले होते ना? बाबांचा दहावीचा ग्रुप आजही दर डिसेंबरला तलावपाळीला भेटतो, एकमेकांना शिव्या घालत, एकमेकांच्या प्लेटमधलं उचलत. त्यांना न्यायला-आणायला गाडी मी चालवतो.