सिस्टर, एक विचारू का?

(ऑपरेशन थिएटरमध्ये ३४ वर्षं परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर दर महिन्याला वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळी आलेली बरीच पत्रं शिकण्या-शिकवण्याबद्दलची होती. त्यातली ही चार.)

प्रश्न: मुलगी नोकरीसाठी पहिल्यांदाच घराबाहेर राहायला चालली आहे. आयुष्यात जे शिकलो ते तिच्यासाठी एका वहीत लिहून काढतो आहे. आतापर्यंत ६१ मुद्दे झाले. काल बायकोने वही वाचली, मिटली आणि म्हणाली, "हे सगळं तिने शाळेच्या फळ्यावर वाचलंय." मग मुलीला द्यावं असं माझ्याकडे काहीच नाही का? – एक वडील

वहिनींचं बरोबर आहे. पण वही टाकू नका.

तुम्ही नमुन्याला पाठवलेले मुद्दे वाचले. 'वेळेची किंमत ओळख', 'बोलण्याआधी विचार कर', 'लक्ष देऊन ऐक'. खोटं यात काहीच नाही. पण हे तुम्ही लिहिलंय की आणखी कुणी, ते मला ओळखता येईना. आता असं करा, प्रत्येक मुद्द्यासमोर लिहा: हे मला कधी कळलं आणि कशामुळे? ज्याच्यासमोर काही आठवत नाही, तो खोडा.

माझं सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. डॉक्टरांनी फोनवर औषधाचा डोस सांगितला, 'फिफ्टीन'. मी ऐकलं 'फिफ्टी'. कागद हाताशी नव्हता, म्हणून आकडा मनात घोळवत जाऊन औषध भरायला घेतलं. शेजारच्या सीनियर सिस्टरनी माझ्या हातातल्या सिरिंजकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "इतकं?" परत फोन केला. पेशंटला काही झालं नाही, सुई टोचलीच गेली नव्हती. माझे हात मात्र सकाळपर्यंत गार होते.

तेव्हापासून कुणी आकडा सांगितला की मी तो सुटा करून परत म्हणते. "एक-पाच, पंधरा. बरोबर?" समोरून 'हो' आल्याशिवाय फोन ठेवत नाही. हा घोळ फक्त इंग्रजीत होतो असं समजू नका. 'एकोणऐंशी' म्हटल्यावर समोरच्याने ८९ लिहिलेलं मी पाहिलंय. पावणेसहा आणि सव्वासहा यांची अदलाबदल झाली की अर्धा तास जातो, कधी गाडीही जाते. तुमच्या मुलीला आता घरभाडं, खाते क्रमांक, कुणाला भेटायची वेळ, आजारी पडली तर गोळ्या, सगळं एकटीने ऐकायचंय. तिला सांगा: ऐकलेलं परत म्हणून दाखव, तिथेच लिही, आणि पैशांचं असेल तर लिहिलेलं समोरच्याला पाठवून दे.

सिरिंजची ही गोष्ट मी २० वर्षं कुणाला सांगितली नव्हती. विद्यार्थिनींना आपलं 'लक्ष देऊन ऐका' म्हणायचे. त्या माना डोलवायच्या आणि विसरून जायच्या. एकदा एका मुलीच्या हातून असंच होता होता राहिलं. ती स्टोअरच्या मागे रडत बसली होती. तिच्याशेजारी बसून मी पहिल्यांदा माझं सांगितलं. पुढच्या आठवड्यात बघते तर तिची अख्खी बॅच आकडे परत म्हणत होती. असं करा म्हणून मी त्यांना सांगितलेलंही नव्हतं.

तेव्हा ६१ चे सात उरले तरी चालेल. त्यात तुमची फजिती राहू द्या. वडील कुठे आपटले होते, ते मुली आवडीने वाचतात.

प्रश्न: नवीन नोकरी आहे. काल टीमचे प्रमुख एक हिशोब चुकीचा मांडत होते, मला दिसत होतं, पण बोलले नाही. नंतर चूक निघाली आणि सगळ्यांना उशिरापर्यंत थांबावं लागलं. वरिष्ठांना कसं सांगायचं?

तुझ्या वयाच्या मुलीला 'धीट हो' म्हणून काही होत नाही. तोंड उघडायची सोय आधी करून ठेवावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी काढली. पेशंट तोच आहे ना, बाजू डावी की उजवी, ॲलर्जी आहे का, असे सगळे साधे प्रश्न. त्यात एक मुद्दा असा, की पहिला छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. आमच्याकडे यादी आली तेव्हा आम्ही हसलो. वर्षानुवर्षं एकत्र उभं राहणाऱ्या माणसांनी नावं काय सांगायची! पण थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की कोपऱ्यातली नवी मुलगी एकदा का स्वतःचं नाव मोठ्याने बोलली, की अर्ध्या तासाने "सर, एक गॉझ कमी आहे" हेही तिच्या तोंडून निघतं. जी सुरुवातीपासून गप्प असते, ती गप्पच राहते. ही यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. श्रेय एकट्या नाव सांगण्याचं नाही, अख्ख्या यादीचं आहे. पण माझा आवडता मुद्दा तोच.

म्हणून मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोल. साधा प्रश्न विचारलास तरी चालेल. आणि चूक दिसली की 'तुम्ही चुकताय' म्हणू नकोस, 'तिसऱ्या ओळीतला आकडा मला जुळत नाहीये, एकदा बघाल का?' असं विचार. बोट कागदावर ठेव, माणसाकडे नको. तू चुकलेली निघालीस तर 'बरं, कळलं' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मी कितीदा तरी चुकीची शंका काढली आहे. त्यावरून कुणी माझ्याशी अबोला धरला नाही. (एका सर्जननी धरला होता. पण ते सगळ्यांशीच धरायचे.)

प्रश्न: रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवसाची तयारी करून ठेवायची सवय लावतो आहे. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात. माझे ३० झाले, अजून रोज स्वतःला ढकलावं लागतं. माझ्यातच खोट आहे का?

खोट त्या २१ मध्ये आहे. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडून आलेला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं. पुढे 'किमान' गळून पडलं, चेहराही गळून पडला आणि उरलेलं सगळ्यांच्या सवयींना चिकटलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पुढे ९६ जणांवर याचा अभ्यास झाला. तिथे मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तुमचे ३० झालेत. तयारी मात्र एका ठरलेल्या गोष्टीला जोडा, उदाहरणार्थ दात घासून झाले की लगेच. 'झोपण्याआधी' ही काही वेळ नव्हे.

प्रश्न: मी सत्तरीत आहे. घरात जे सांगतो ते आज ना उद्या खरं ठरतं. तरी कुणी ऐकत नाही. खरं ठरल्यावर मी आठवण करून देतो, तर उलट चिडतात. अनुभवाला किंमतच उरली नाही का?

काका, एका डॉक्टरची गोष्ट सांगते. इग्नाझ सेमेलवाइस, व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातला. तिथले डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीच्या वॉर्डात यायचे. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये तो आकडा दोनच्या आसपास आला. याहून खरं ठरणं ते काय असतं! पण जंतूंचं शास्त्र तेव्हा पुढे आलेलं नव्हतं, त्यामुळे असं का होतं ते त्याला नीट पटवून देता येईना. यावरचं आपलं पुस्तकही त्याने १८६१ पर्यंत काढलं नाही. नंतर मात्र न ऐकणाऱ्या डॉक्टरांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवलं. लोक आणखी दूर गेले. १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात जखम चिघळून तो वारला.

दोष एकट्या त्याचा नव्हता, तुमचाही नसेल. पण 'बघा, मी म्हणालो होतो' हे वाक्य तुम्ही महिन्यातून किती वेळा बोलता, ते एकदा मोजा. घरच्यांना विचारू नका, ते वाढवून सांगतील. मोजून झालं की महिनाभर ते वाक्य बंद. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, कुणी विचारलं तर, तुमचं कुठे चुकलं होतं ते सांगा.

मला हे जमतं असं समजू नका. माझा मुलगा चाळिशीचा झाला, अजूनही बाहेरून येतो आणि हात न धुता सोफ्यावर बसतो. पूर्वी मी सेमेलवाइससकट सगळं ऐकवायचे. हल्ली उठते, बेसिनचा नळ सोडते आणि हाक मारते, "पाणी वाया चाललंय रे!" तो येतो. कुरकुरत येतो, पण येतो.