दहावीनंतर वाचन आणि करिअर: सुरुवात कुठून करशील?

वाचनाची सुरुवात कशी करू आणि दहावीनंतर कुठली शाखा निवडू, हे दोन्ही प्रश्न एकदम विचारलेस, बरं झालं. दोन्हीकडे लोक घाईच करतात.

आधी वाचन. आत्ता पुस्तकं विकत घेऊ नकोस. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं पिशवीभर आणायची आणि कपाटात धूळ खात ठेवायची, ही नवख्यांची ठरलेली चूक. त्यापेक्षा वाचनालय लाव. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, शाखाही आहेत. परत करायची तारीख डोक्यावर असली की पानं आपोआप उलटतात.

लोकलमध्ये वाचणार असशील तर एका हातात मावेल असं पातळ पुस्तक घे, दुसरा हात कडीला लागतो. (ठाण्याला बसायला मिळेल या आशेवर जाडजूड कादंबरी नेऊ नकोस!) ५० पानांत रस आला नाही तर खुशाल सोड.

आता करिअर:

- टक्के आले म्हणून सायन्स, मित्र गेले म्हणून कॉमर्स, हे नको.
- बालभारतीच्या संकेतस्थळावर बारावीची पुस्तकं फुकट मिळतात. भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र, दोन्हींचं एकेक प्रकरण वाच. कुठलं पुन्हा उघडावंसं वाटलं, ते लिहून ठेव. कुठल्याही कल चाचणीपेक्षा मला याचा जास्त भरवसा वाटतो.
- यशस्वी माणसांच्या चरित्रांवर विसंबू नकोस, रोजचं रटाळ काम त्यांत क्वचितच येतं. ते ओळखीतल्या एखाद्या नोकरदार ताई-दादाला विचार: सोमवारी सकाळी ११ वाजता नेमकं काय करत असता?

स्पर्धा परीक्षा, परदेशी शिक्षण वगैरे सध्या बाजूला ठेव. आधी या शनिवारी वाचनालयात जाऊन ये.