निसरडेपणाच्या मागे लागू नकोस

प्रिय,

तुझा आराखडा वाचला. कृत्रिम सांध्यांच्या चाचणीत वंगण म्हणून वासराच्या सीरमऐवजी (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाऐवजी) बटाट्याचं प्रथिन वापरायचं, ही कल्पना आवडली. पण पहिल्याच पानावर ‘घर्षण सीरमच्या निम्मं’ असं उद्दिष्ट लिहिलं आहेस, ते आधी खोड.

सिम्युलेटरमधलं, म्हणजे सांधा चालताना हलतो तसा हलवून झिजवणाऱ्या यंत्रातलं, द्रव म्हणजे तराजूतलं माप. खरी झीज दाखवणं एवढंच त्याचं काम. फार गुळगुळीत द्रवात वाईट सांधाही पास होतो आणि पुढे रुग्णाला ते भोगावं लागतं. नुसतं पाणीही चालत नाही. त्यात सांध्याच्या वाटीतल्या पॉलिथिलीन प्लास्टिकचा थर तिच्यात फिरणाऱ्या धातूच्या गोळ्यावर चिकटतो. रुग्णांमधून काढलेल्या सांध्यांवर सहसा असं दिसत नाही. सीरममधली प्रथिनं तो थर बसू देत नाहीत, म्हणून तर सीरम वापरात आलं. लीड्स विद्यापीठातलं बटाट्याच्या प्रथिनाच्या मायक्रोजेलवरचं (सूक्ष्म जेलकणांवरचं) काम जरूर वाच, पण त्यांना उत्तम वंगण हवं होतं. तुला ते नकोय.

खुब्यासाठी आयएसओ १४२४२ हे आंतरराष्ट्रीय मानक लिटरला ३० ग्रॅम प्रथिन मागतं, गुडघ्यासाठी १४२४३ फक्त २०. नुसता आकडा जुळवून भागत नाही. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनचं आपसातलं प्रमाण बदललं तरी झीज बदलते. शिवाय घर्षणाच्या उष्णतेने प्रथिनं साकळतात, तो साका पृष्ठभागावर बसतो आणि झीज खोटीच कमी दिसते. द्रव दर ५ लाख आवर्तनांना (सांध्याच्या हालचालीच्या पूर्ण फेऱ्यांना) बदलतात, म्हणजे सेकंदाला एक धरलं तर जवळपास सहा दिवसांनी. तेव्हा तुझं द्रव आधी ३७ अंशांवर सहा दिवस नुसतं ठेवून बघ. गढुळलं तर पुढे जाऊच नकोस.

ते नासू नये म्हणून बरेच जण सोडियम अझाइड घालतात. ते विषारी आहेच, आणि तांब्या-शिशाच्या नळांत साचलं तर त्याचे स्फोटक क्षार बनतात. वनस्पतीचं प्रथिन घेऊन त्यात अझाइड ओतायचं आणि वर त्याला शाश्वत म्हणायचं, हे मला पटत नाही. दुसरा जंतुरोधक शोध.

‘प्राणीमुक्त’ हा शब्दही तपासून वापर. द्रव सांध्यातल्यासारखं करायला हायलुरॉनिक आम्ल आणि लेसिथिन घालशील, तर हायलुरॉनिक आम्ल कोंबड्याच्या तुऱ्यातून येतं, तसंच जिवाणूंच्या किण्वनातूनही. लेसिथिन अंड्याचं असतं, सोयाबीनचंही. यीस्टकडून अल्ब्युमिन करून घेतलं तरी यीस्टला खाऊ घातलेलं पेप्टोन (पचवून तुकडे केलेलं प्रथिन) मांसाचं असू शकतं. पुरवठादाराकडून लेखी घे.

सिम्युलेटरची घाई नको. ५० लाख आवर्तनं म्हणजे न थांबता ५८ दिवस. पिन-ऑन-डिस्कवर, म्हणजे चकतीवर पॉलिथिलीनची छोटी पिन घासणाऱ्या साध्या यंत्रावर, सुरुवात कर, मात्र पिन अनेक दिशांनी फिरव. सरळ रेषेत घासलं की पॉलिथिलीनच्या साखळ्या एका दिशेला लागतात आणि झीज फसवी कमी येते. साधं आणि क्रॉसलिंक केलेलं (साखळ्या एकमेकींना जोडलेलं, कमी झिजणारं), दोन्ही पॉलिथिलीन घे. त्यांच्यातला ठाऊक असलेला फरक तुझ्या द्रवात दिसलाच पाहिजे. झीज वजनातल्या घटीवरून मोजायची, पण पिना द्रव शोषून जड होतात, म्हणून तुलनेला न घासलेल्या पिनाही त्याच द्रवात बुडवून ठेव.

आणि सीरमचा खर्च अंदाजपत्रकातून काढला आहेस, तो परत घाल. तुलनेसाठी सीरम लागणारच. कमीत कमी किती लिटरमध्ये भागेल, तेवढं मांडून पाठव.