आपत्कालीन तयारीच्या आरोग्य मोहिमेचे मूल्यमापन वाटलेल्या पत्रकांवरून करता येते का?

नाही. किती पत्रके वाटली आणि किती बैठका झाल्या, हा केलेल्या कामाचा हिशेब आहे. त्यावरून माणसे संकटासाठी तयार झाली की नाही, हे मुळीच कळत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून, विशेषतः जखमेवाटे, होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची साथ पसरली. पुढे अशाच एका पावसाळ्यापूर्वी आमच्या संस्थेने मुंबईतल्या मिठी नदीकाठच्या एका वस्तीत मोहीम राबवली. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टो टाळणारी डॉक्सीसायक्लीन ही प्रतिजैविक गोळी घ्यावी, हा तिचा गाभा होता. बैठक संपताच प्रश्नावली भरून घेतली, उत्तरे अर्थातच बरोबर आली आणि अहवालात ‘मोहीम यशस्वी’ असे लिहिले गेले. पाणी भरून गेल्यावर याच घरांत पुन्हा जावे, असा आग्रह मी धरला होता. परंतु निधी देणाऱ्यांना अहवाल जूनमध्येच हवा असल्याचे सांगून आमच्या प्रमुखांनी तो मोडून काढला. तरीही पाणी ओसरल्यावर मी आणि एक आरोग्यसेविका वस्तीत गेलो. एका ताईंनी पत्रकातला मजकूर जसाच्या तसा म्हणून दाखवला, मात्र पायाला जखम असताना गुडघाभर पाण्यातून माल वाहणाऱ्या त्यांच्या मुलाने गोळी घेतलेली नव्हती, कारण तो रात्री घरी येई आणि दवाखाना दुपारीच बंद होई. रोजंदारीवर जाणाऱ्या बहुतेक घरांत हेच कारण ऐकायला मिळाले, आणि ते आमच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हते.

म्हणून मोहिमेआधीची स्थिती नोंदवून ठेवा, आणि पाणी भरल्यानंतरच्या आठवड्यात पाण्यातून चाललेल्यांपैकी किती जणांना मुदतीत गोळी मिळाली व उरलेले नेमके कुठे अडले, हे घरी जाऊन विचारा. मोहीम न झालेली शेजारची वस्ती तुलनेला घ्या. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध सहसा देत नाहीत, त्यामुळे त्यांची गणना वेगळी ठेवावी. रुग्णसंख्येवरूनही घाईने निष्कर्ष काढू नये, कारण पाऊस कमी झाला तरी रुग्ण घटतात आणि तपासण्या वाढल्या की नोंदी वाढतात.

निधी देणाऱ्यांची तारीख आड आलीच, तर जूनमध्ये फक्त कामाचा हिशेब द्या आणि परिणामांचा अहवाल पावसाळ्यानंतर देऊ, असे लेखी कळवा. वरिष्ठ कितीही नाराज झाले, तरी त्याआधी ‘यशस्वी’ हा शब्द अहवालात येऊ देऊ नका.