डिंपल म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

डिंपल म्हणजे आपली गालावरची खळी, हनुवटीवर पडते तीपण. आमच्या इकडे नाशिकला गल्लीत एक तरी डिंपलताई असतेच आणि गंमत म्हणजे तिला खळी असतेच असं नाही 😄

शब्द जुना आहे, इंग्रजीत साधारण १४०० च्या सुमारास लिखाणात दिसतो, आणि त्याचं नातं जर्मनशी लागतं, तिकडे ट्युंपेल म्हणजे डबकं आणि जुन्या जर्मनमध्ये तुम्फिलो म्हणजे पाण्यातला भोवरा. म्हणजे पावसाळ्यात गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), रामकुंडापाशी पाणी गरगर फिरून मधोमध खोलगट होतं ना, तसंच काहीसं गालावर. मला तरी हे भारी वाटलं.

आपली खळीपण त्याच वळणाची बघा, खळगा, पोटाची खळगी, सगळीकडे खोलगटपणाच आलाय.

बाकी गालाची खळी बऱ्याचदा हसताना ओठाचा कोपरा वर ओढणारा स्नायू दुभंगलेला असतो त्यामुळे पडते. आणि हो, गोल्फच्या बॉलवरच्या बारीक खड्ड्यांनापण डिंपलच म्हणतात, त्यांच्यामुळे हवेचा अडथळा कमी होऊन बॉल लांब जातो.