काट्यावरच्या डॉसवाल्या कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड लावलं, पिंग जात नाही आणि वजन येणंही बंद झालं, काय करू?

भाऊ, कार्ड फेकू नका. तुम्ही लिहिलं की जिनिंगच्या काट्यावर डॉस ६.२२ चा कॉम्प्युटर आहे, फॉक्सप्रोचा प्रोग्राम काटापट्टी काढते, एनई२००० टाइपचं आयएसए (जुन्या स्लॉटाचं) नेटवर्क कार्ड टाकलं, लाईट लागते, ड्रायव्हरही चढते, पण पिंग, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला हाक देऊन उत्तर येते का पाहणं, जात नाही आणि वरतून गाडी काट्यावर उभी असून स्क्रीनवर वजन येत नाही. ते वजन बंद झालं ना, त्यातच तुमचं उत्तर आहे. मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये ऐन सीझनमध्ये ह्याच्यावर दोन दिवस घातले, बाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन आणि मी ड्रायव्हर बदलून राहिलो, म्हणून आधी हेच सांगतो की ड्रायव्हरला हात लावायच्या आधी आयआरक्यू पाहा, म्हणजे कार्ड किंवा पोर्ट प्रोसेसरला हाक मारते त्या लाईनचा नंबर.

काट्याच्या इंडिकेटरची वायर मागे कुठल्या पोर्टात आहे ते बघा, बहुतेक कॉम २ मध्ये असेल कारण कॉम १ वर पूर्वी माऊस राहायचा. कॉम २ चा आयआरक्यू ३, आणि एनई२००० चा कंपनीतून येणारा आयआरक्यूही ३ च. आयएसएमध्ये ही लाईन दोघांत वाटून घेता येत नाही. एका घंटीच्या बटणावर एकानं बोट दाबून ठेवलं तर दुसऱ्यानं कितीही दाबलं तरी घरातल्याला काय कळणार, तसं होते. कार्ड पाठवते बरोबर, पण आलेलं उत्तर घ्यायला प्रोसेसरला हाक मारते ती हाक पोचतच नाही, म्हणून लाईट आहे, ड्रायव्हर आहे आणि पिंग टाइमआउट.

आता करायचं काय. डॉसमध्ये एमएसडी टाइप करा, हा डॉससोबतच येणारा तपासणीचा प्रोग्राम, त्यात आयआरक्यूची यादी दिसते, १० मोकळा आहे का पाहून घ्या, साधारण असतेच. मग कार्ड काढून त्याच्यावरची मोठी चिप वाचा. जंपर असले तर जंपरनं १० करा. आरटीएल८०१९एएस लिहिलं असलं तर सहसा जंपर नसतात, त्याची आरसेट८०१९ नावाची सेटअप युटिलिटी आहे, ती फ्लॉपीवरून साध्या डॉसमध्ये चालवायची, जंपरलेस मोड, कार्डाचा पत्ता (आय/ओ अॅड्रेस) ३००, आयआरक्यू १०, सेव्ह, आणि कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू, नुसतं रिसेट नको. बायोसमध्ये पीएनपीचं, म्हणजे आयआरक्यू आपोआप वाटायचं, पान असलं तर तिथं १० नंबर लेगसी आयएसएला, म्हणजे जुन्या कार्डांना, देऊन ठेवा. आणि कार्ड बाहेर आहेच तर त्याचे सोनेरी पट्टे खोडरबरानं पुसा, जिनिंगमध्ये रुईची धूळ स्लॉटात इतकी बसते की अर्धे दोष तिथंच राहतात.

मग ऑटोएक्झेक.बॅटमध्ये पॅकेट ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड आणि नेटवर्कच्या प्रोग्रामला जोडणाऱ्या ड्रायव्हरची, एक ओळ: एनई२००० ०एक्स६० १० ०एक्स३००. पहिला आकडा सॉफ्टवेअर इंटरप्ट, दुसरा आयआरक्यू, तिसरा पत्ता, कार्डवर जे सेट केलं तेच इथं पाहिजे. वरती एमटीसीपी टाका, हा नेटवर्कच्या प्रोग्रामांचा संच, फुकट आहे, छोटं आहे, डॉससाठीच बनवलेलं आहे. त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये पॅकेटइंट ०एक्स६० लिहायचं आणि एमटीसीपीसीएफजी ह्या व्हेरिएबलला सेट कमांडनं त्या फाईलचा रस्ता द्यायचा. आधी त्यातला डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून आयपी आपोआप मागून घेणारा प्रोग्राम, चालवून बघा, आयपी मिळाला म्हणजे कार्ड लागलं. नंतर मात्र आयपी, मास्क, गेटवे हातानं पक्का लिहा, आपल्याकडं लाईट दिवसातून कितीदा जाते तुम्हाला माहीत आहे, दरवेळी कोण डीएचसीपी चालवत बसेल.

लगेच खुश होऊ नका, फॉक्सप्रो उघडा, एक गाडी काट्यावर घ्या, वजन येते का पाहा, मग बाहेर येऊन परत पिंग करा. भांडण कधीकधी प्रोग्रामनं कॉम पोर्ट उघडल्यावरच दिसते.

मुनीमजीच्या कॉम्प्युटरवर डेटा पाठवायला एफटीपी वापरा, म्हणजे नेटवर्कवरून फाईल पाठवायची साधी पद्धत. मायक्रोसॉफ्टचं नेटवर्क क्लायंट ३.० पण आहे, मुनीमजीच्या कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडता येते, पण ते ६४० केबीमधली बरीच मेमरी खाते आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून त्याला लागणारं जुनं एसएमबी१ (फोल्डर शेअरिंगची जुनी पद्धत) शेअर करणाऱ्या बाजूला आपोआप बसवलेलं येत नाही, ते मुद्दाम चालू करणं मला पटत नाही. एफटीपीत डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची डेटाची फाईल, पाठवण्याआधी बायनरी टाइप करा, नाहीतर फाईल बिघडते. पासवर्ड उघडाच जातो, म्हणून हे सगळं जिनिंगच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवा, बाहेर उघडू नका.

आणि मे-जूनमध्ये वीज कडाडायला लागली की नेटवर्कची वायर काढून ठेवायला काट्यावरच्या पोराला सांगा. काटा उघड्यावर, ऑफिस लांब, तेवढ्या वायरीतून झटका आला तर कार्डासोबत बोर्डही जाते आणि असे बोर्ड आता मिळणं कठीण आहे.

चिपवर वेगळंच नाव निघालं तर ते लिहून कळवा, त्याला कोणता ड्रायव्हर लागते ते सांगतो.